डावा कोपरा

"पाव्हणं, वाढते. न्हाई म्हणू नगा."

मी ताटावर आडवा हात धरला होता. चौथी पुरणपोळी त्या हातावरच पडली आणि पाठोपाठ तुपाची धार मनगटावर. विचारून वाढायची रीत त्या घरात नव्हती.

"वहिनी, पोळीचं राहू द्या. सर्जेराव कुठं आहे तेवढं सांगा."

"येतोय की वो. घ्या तुमी."

हे "येतोय की" मी पहिल्या पोळीपासून ऐकत होतो. अनसूयाबाई बोलायच्या गोड, पण बोलताना उंबऱ्याकडे बघायच्या. भिंतीला टेकून त्यांचा भाऊ दिनकरमामा बसला होता. तो म्हणाला, "तालुक्याला गेलाय. बूट आणायला." तेवढ्यात दारात डोकावलेला एक म्हातारा म्हणाला, "सर्जा व्हय? त्याला ताप आलाय न्हवं?" मामाने म्हाताऱ्याला डोळ्यांनी दटावलं. म्हातारा "आला असंल, आला असंल, मला काय ठावं" म्हणत निघून गेला.

पोरगा येतोय, तालुक्याला गेलाय आणि तापाने पडलाय, असं तिन्ही एकदम. मी पोळी मोडून दुधात बुडवली.

मी त्या काळात ठाण्याच्या एका पंपाच्या कारखान्यात होतो. कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. गडी खेळाच्या जोरावर नोकरीला लागायचे, सकाळी हजेरी, दुपारनंतर मैदान. मीही तसाच लागलेला. डाव्या कोपऱ्याला खेळायचो. चढाईला आलेल्याचा पाय माझ्या टप्प्यात आला की घोटा हातात घ्यायचा आणि सोडायचा नाही, एवढंच मला येत होतं आणि तेवढ्यावर माझं घर चाललं. पुढे गुडघा गेला. कंपनीने माणुसकी दाखवून मला हजेरीच्या टेबलावर बसवलं आणि जोडीला गावोगाव फिरून नवे गडी हेरायचं काम दिलं. त्या वर्षी एकच जागा निघाली होती, चढाईपटूची, आणि ती आठवड्याभरात भरायची होती. पाडळवाडीच्या कणसे सरांचा निरोप आला होता, "बारावीतला सर्जेराव लोखंडे. एकदा बघाच." उद्या तालुक्याला त्याचा सामना होता. तो बघायचा आणि दुपारच्या गाडीने परत फिरायचं, असा माझा बेत.

पोरगं चांगलं निघालं तर अठराव्या वर्षी पर्मनंट नोकरी. नाही निघालं तर माझ्या यादीत पुढचं गाव होतंच. हे मी मामाला सांगितलं तेव्हा मामाने हात जोडले. अनसूयाबाईंनी कटाची आमटी वाढली.

जेवण उतरवायला म्हणून मी पाणंदीने निघालो. ऊन मी म्हणत होतं. उसाच्या कडेने समोरून एक विचित्र वरात आली. पुढे एक उंच पोरगा, अंगात दोन स्वेटर, वरून घोंगडी, डोक्याला मफलर, आणि पळतोय. घामाने तोंड निथळतंय. मागे सायकलवर चाळिशीचा एक माणूस, गळ्यात शिट्टी. पोरगा माझ्याकडे न बघता पुढे गेला. सायकलवाला "नमस्कार साहेब!" म्हणाला आणि तोही न थांबता गेला.

हेच कणसे सर आणि तोच सर्जेराव, हे कळायला मला थोडा वेळ लागला. तोवर दोघं वळणाआड झाले होते. मी मागून हाका मारल्या. ऐकून न ऐकल्यासारखं करायला त्या गावात बहुधा शाळेतच शिकवत असावेत.

माझं डोकं चालेना. मी इतकी वर्षं गावं पालथी घातली होती. माझ्यापासून पोरगं लपवायची कारणं मला पाठ होती. एक तर दुसऱ्या कंपनीने आधीच गाठलेलं असतं. नाहीतर वय चोरलेलं असतं. नाहीतर हात-पाय कुठेतरी मोडून बसलेला असतो. पण हा तर घोड्यासारखा पळत होता, आणि ज्यांनी मला बोलावलं तेच मला टाळत होते. चैत्रात घोंगडी कुणी पांघरतं का?

शेवटी मी शाळेत जाऊन पायरीवर ठाण मांडलं. सर आले. मला बघून त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि सरळ पाया पडायलाच वाकले.

"साहेब, रागावू नका. तुम्हाला खोटं सांगून कुठं जाऊ? उद्याचा सामना साठ किलोच्या गटाचा आहे. काट्यावर साठच्या वर गेला की पोरगा बाद. आठवड्यापूर्वी सर्जा साठला अर्धा किलो कमी होता. आज वर गेलाय. मी इकडं पळवून उतरवतोय आणि घरात तिकडं वाढतोय!"

"घरात कोण वाढवतंय?"

"त्याची आई. तुम्ही येणार कळल्यापासून बाईंनी चूल विझू दिलेली नाही. शेंगदाण्याचे लाडू काय, खीर काय. म्हणून त्याला इथं आणून ठेवला. तुमच्यासमोर आणला असता तर तुमच्याच पंगतीला बसवला असता. गावाला सांगितलं, साहेबांनी विचारलं तर काहीही सांगा. पण काय सांगायचं ते एकदा ठरवायचं राहिलं."

मला हसू आलं. "पण त्या खाऊ का घालतायत एवढं?"

मागून मामा आला होता. तो म्हणाला, "आवं, मुंबईची माणसं दणकट गडी बघत्यात ना? आक्काला वाटतंय, पोरगं हडकुळं दिसलं तर तुमी घेणार न्हाई. आईची माया वो. दुसरं काय?"

कोडं सुटल्यासारखं वाटलं. गुरू उतरवतोय, आई चढवतेय, आणि दोघांनाही पोराचं भलंच करायचंय. यावर उपाय सोपा होता. मी तडक लोखंड्यांच्या घरी गेलो.

अनसूयाबाई परातीत पीठ मळत होत्या. मी समजावून सांगितलं, की मी वजन बघत नाही, पाय बघतो. तुमचा मुलगा काटकुळा असला तरी चालेल, पण उद्या काट्यावर साठच्या आत पाहिजे.

"नि वर गेला तर?"

"तर बाहेर बसावं लागेल."

"मग तुमी काय बघणार?"

"काहीच नाही. मग मी दुसऱ्या गावचा मुलगा घेईन. माझा नाइलाज आहे, वहिनी."

"हं," त्या म्हणाल्या. पिठात पाणी जास्त झालं होतं. त्यांनी वर मूठभर पीठ घातलं. "तुमी सांगताय तर बरोबरच आसंल. पर रातीचं जेवायला याचं हां. तुमाला उपाशी ठिवलं तर लोक शेण घालतील तोंडात."

मी येतो म्हणालो. आणि तिथेच फसलो.

दिवेलागणीला मी गेलो तर ओसरीवर दोन पाट मांडलेले. एकावर सर्जेराव मान खाली घालून बसलेला. कणसे सर दाराबाहेर उभे, चेहरा पार उतरलेला. बाई स्वतः शाळेत गेल्या होत्या आणि चार माणसांदेखत म्हणाल्या होत्या, "दारात पाव्हणा आलाय. ह्याचा बाप ट्रकवर गेलाय, थोरला पुण्याला गेला तो तिथलाच झाला. घरचं पुरुषमाणूस पंगतीला न्हाई नि पाव्हण्याला एकट्याला जेवाय घालू का?" सरांनी पोराला सोडलं. पाहुण्याला एकटं जेवू घालणं म्हणजे त्या गावात त्याला हाकलून लावल्यासारखंच.

मी जेवलो नाही तर पोराला जेवावं लागणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

"वहिनी, एक सांगायचं राहिलं. आज माझा उपास आहे."

"दुपारी पोळ्या खाल्ल्यासा की."

"संध्याकाळचा असतो. गुडघ्यासाठी नवस बोललोय."

बाईंनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या आत गेल्या. सरांनी बाहेरून मला हात जोडले. मी डोळ्यांनीच त्यांना म्हटलं, काळजी करू नका. सर्जेराव तेवढ्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. दात पांढरे, डोळ्यांत झोप. रेखीव पोरगा होता.

थोड्या वेळाने दोन ताटं आली. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. भगरीवर दाण्याची आमटी. तुपात परतलेली रताळी, वर गूळ. दोन मोठे पेले आटीव दूध. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, ते मी खोटं बोलून ओढवून घेतलं होतं. पुरणपोळी परवडली असती.

"खा रं," बाई पोराला म्हणाल्या. "पाव्हणं नवसाचं खात्यात नि तू ताट ढकलतोस?"

सर्जेरावने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो खाली बघून खायला लागला. एका घासालाही नको म्हणाला नाही. बाई वाढत होत्या, तो खात होता, आणि मी मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होतो. दुपारी मी समजावलं ते यांना कळलं नव्हतं का? की कळूनही हात राहवत नव्हता? पोराला तरी जीभ होती ना? मी दोनदा "पुरे, पुरे" म्हणालो. ते माझ्या ताटाविषयी असावं असं समजून त्यांनी मलाच वाढलं.

सकाळी तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात वजनाचा काटा मांडला होता, सोसायटीतून धान्याचा आणलेला. सर्जेराव चढला. साठच्या वर पाऊण किलो. पंच म्हणाले, "अर्धा तास देतो." सरांनी त्याला घोंगडीत गुंडाळून मैदानाभोवती पळवला. तोंडात चिंच कोंबून थुंकायला लावलं. शेवटी चादरीचा आडोसा करून अंगावरची चड्डी सोडून सगळं उतरवलं. काटा खाली आला, पण साठावर यायला तयार होईना. पंचांनी मान हलवली.

सर काट्याशेजारीच मटकन बसले. "दोन वर्षं घेतली हो याच्यावर," एवढंच म्हणत राहिले. पाडळवाडीचा संघ बदली गडी घेऊन उतरला आणि पहिल्याच डावात सगळे गडी दोनदा बाद होऊन त्यांच्यावर दोन लोण चढले. मी सामना बघत नव्हतो. बाहेर दोरीपाशी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसलेल्या सर्जेरावकडे बघत होतो. गडी बाद झाला की सहसा चडफडतो, माती उधळतो. हा शांत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसायला हवं होतं, आणि नक्की काय दिसत होतं ते सांगता येईना.

सामना संपायच्या आतच मामाच्या सायकलवर मागे बसून अनसूयाबाई आल्या. हातात चार पुडांचा डबा. निकाल काय लागला, पोरगा खेळला का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. सरळ सर्जेरावपाशी जाऊन म्हणाल्या, "भूक लागली आसंल." ते मला चमत्कारिक वाटलं. पण त्या दोन दिवसांत चमत्कारिक वाटायची मला सवय झाली होती.

मी सरांचा निरोप घ्यायला गेलो. सर उठले, माझा हात धरला. "साहेब, गाडीला वेळ आहे. शाळेच्या मागं मोकळं मैदान आहे. एक चढाई बघा. एकच. न बघता जाऊ नका."

"कुणावर करणार चढाई?"

संघातली तीन पोरं थांबली होती. बाकीची तोंड लपवून गावाकडे गेलेली. "मी उभा राहतो," मामा म्हणाला. त्याचं पोट बघून पोरं हसली. "चला, मीही राहतो," मी म्हणालो. झाले पाच.

"पाचांत काय दिसणार?" सर हळहळले. "सहा गडी असल्याशिवाय बोनस रेषा धरत नाहीत. याचा बोनसचा पाय बघण्यासारखा आहे हो."

"मी उभी ऱ्हाते," अनसूयाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी डबा लिंबाखाली ठेवला, पदर खोचला, चपला काढल्या. "बगताय काय? ल्हानपणी हुतूतू खेळलीया मी. ह्या दिनकऱ्याला इचारा."

मामा म्हणाला, "लई वाईट धरायची."

मी सवयीने डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो होतो. बाई आल्या आणि म्हणाल्या, "सरका." मी आत सरकलो. कबड्डीत कोपरा आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून साखळी करतात. त्यांनी माझा हात धरला. तळवा खरखरीत होता आणि गार पडला होता. एवढ्या उन्हात हात गार कसा, हा त्या दोन दिवसांतला माझा शेवटचा न सुटलेला प्रश्न.

सरांनी शिट्टी फुंकली. सर्जेराव मध्यरेषा ओलांडून आला आणि त्याचा दम ऐकताच मी सरळ झालो. "कबड्डी कबड्डी" पुटपुटणारे शेकडो ऐकले होते. याचा आवाज पोटातून यायचा, एकसारखा, घाई न करता. पाय जमिनीला लागतोय की नाही कळू नये इतका हलका. रात्री तेवढं रिचवून आणि सकाळी तेवढं पळून हा असा चालत होता! उजवीकडे झुकल्यासारखं करून त्याने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि काढलासुद्धा. मामा अजून तिकडेच बघत होता. मी मनात म्हटलं, हाच. याला सोडायचं नाही.

मग तो डावीकडे आला. पाय लांबवून कोपऱ्याला शिवायला गेला, आणि बाई बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. दोन्ही हातांनी घोटा धरला आणि छातीशी घेतला. मी आयुष्यभर तीच पकड केली होती. याहून चांगली मीही केली नव्हती.

अशा वेळी शेजारच्याने चढाईपटूवर झेप घ्यायची असते. मी नुसता उभा राहिलो. सर्जेराव मध्यरेषेकडे वळून पडला, हात लांब केला. रेष हातभर उरली होती. एक हिसका दिला असता तर पोहोचला असता. त्याने मागे वळून आईकडे पाहिलं, आणि दम सोडला. आवाज थांबला.

शिट्टी वाजली. पोरं टाळ्या पिटत ओरडली, "सर्जाला आईनं धरला!" सर्जेरावही हसत होता. मामा हसत होता.

बाई हसत नव्हत्या. पाय सोडून त्या तशाच मातीत बसून होत्या.

"दम का सोडलास?"

"तुला खरचटलं आसतं."

"रेष हातभर व्हती."

"ऱ्हाऊ दे की, आई."

"काय ऱ्हाऊ दे?" त्यांचा आवाज चढला. "आरं, मला ठावं व्हतं साठाचं. म्हैनाभर सर तुला काट्यावर चढवत्यात, मला कळत न्हाई व्हय? पाव्हण्यांनी बी काल सांगितलं. समदं ठावं आसून वाढलं मी. थोरला गेला तसा तू जाशील म्हणून वाढलं." एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं. माती गालाला लागली.

मला काल दुपारचं ते "मग तुमी काय बघणार?" आठवलं, आणि पिठात वर पडलेली मूठ. मी स्वतःच तर त्यांना रस्ता दाखवून आलो होतो. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

सर्जेराव पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"तू का वाढत व्हतीस त्ये."

"मग खाल्लंस कशाला?"

"तू वाढलंस म्हणून."

मामाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, अनसूयाबाई आता रडतील. त्या उठल्या, ओचा नीट केला आणि डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यापुढे हात केला.

"परत ये," पोराला म्हणाल्या.

"आई, नगं."

"परत ये म्हणते न्हवं? आनि ह्या बारीला दम सोडलास तर माझ्याशी गाठ हाय."

सरांनी शिट्टी वाजवली, पण अगदी हळू. सर्जेराव आला. या वेळी बोनसला गेला नाही, कुणाला झुकवलं नाही. सरळ डाव्या कोपऱ्यावर आला आणि पाय पुढे केला. बाईंनी पकडला. लुटुपुटीचं नाही, पहिल्यापेक्षा घट्ट. माझ्या हातातला त्यांचा हात कधी सुटला ते कळलं नाही. त्याने हिसका दिला. बाई सुटल्या नाहीत. त्याचा दम चालू होता, पण आता त्यात हुंदका मिसळला होता, आणि तो एकेक वीत पुढे जात होता आणि त्या मागे फरपटत जात होत्या. आम्हा बाकीच्या पाच जणांपैकी कुणी जागचं हललं नाही. कोपर मातीवर घासत गेलं. त्यांनी पाय सोडला नाही, आणि त्याने दम सोडला नाही. त्याची बोटं रेषेवर पडली.

शिट्टी वाजवायचं सरांच्या लक्षातच राहिलं नाही. बाईंनी मान वर करून आधी रेष बघितली, मग त्याची बोटं. मग घोटा सोडला.

"बाद झाले," त्या म्हणाल्या. उठून मैदानाबाहेर गेल्या आणि बाद झालेले गडी बसतात तिथे, रेषेबाहेर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. कोपर सोललं होतं. तिथूनच मला म्हणाल्या, "न्या त्याला."

ठाण्याला गेल्यावर व्यवस्थापकांनी मला समोर उभं केलं. "म्हणजे याचा सामना तुम्ही पाहिलाच नाही? गडी किती बाद केले याने?" मी म्हटलं, "एक." "एकच? कुणाला बाद केलं?" मी म्हटलं, "डाव्या कोपऱ्याला. त्या जिल्ह्यात तशी पकड दुसरी नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. पण डाव्या कोपऱ्याबद्दल माझा शब्द कारखान्यात कुणी खाली पडू देत नसे. सर्जेराव पुढे अकरा वर्षं आमच्याकडून खेळला.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी गाडी यायला अवकाश होता. लिंबाखाली डबा उघडला. बाईंनी झाकणाचं ताट करून पोरापुढे ठेवलं. कोपराला कुणीतरी हळद आणून लावली होती, ती लुगड्याला लागत होती. मग त्यांनी मला विचारलं, "तिकडं आसतो का वो काटा?"

"असतो. पण मोठ्या गटात पंच्याऐंशीपर्यंत चालतं."

"म्हंजी लई जागा हाय आजून." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खांद्यापासून पायांपर्यंत, मी माणसं बघतो तसं. डब्यातली भाकरी त्यांच्या हातात होती. ती हातातच राहिली.

"वाढू का रं?" त्यांनी विचारलं.

सर्जेरावने झाकण पुढे केलं.